हिडिंबेच्या वाढदिवसाला आम्ही तिघी : मे महिन्यातली मनाली

माझी मावशी चांगली उंच आहे आणि आवाज तर अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. तिच्या सासूबाई चिडल्या की तिला सरळ "हिडिंबा" म्हणायच्या. आमच्याकडे कुठलंही लग्नकार्य असो, हा किस्सा निघतोच. तर मनालीत दरवर्षी १४ ते १६ मे हिडिंबेचा वाढदिवस म्हणून जत्रा भरते, ढुंगरी मेला म्हणतात त्याला, असं मला कळलं आणि मी गंमत म्हणून मावशीला फोन केला. ती म्हणाली, "तिकीट काढ. एवढी वर्षं नाव लावतेय, वाढदिवसाला जायला नको?"

मग काय, मावशी, आई आणि मी. बाबा आले नाहीत. निफाडला आमची थोडी द्राक्षबाग आहे, एप्रिल छाटणी होऊन महिना झालेला, फुटी सबकेनला (शेंडा खुडून बगलफुटी घ्यायच्या टप्प्याला) आलेल्या, अशा वेळी बाग सोडून त्यांनी कुठे जाणं म्हणजे अशक्यच. रेल्वेने दिल्ली, तिथून रात्रीची वोल्वो, यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी पुढची सीट घ्या आणि बस जिथे जेवायला थांबते तिथले छोले टाळा.

१३ मे

सकाळी जाग आली तेव्हा बियास नदी बसच्या बाजूने चालली होती. पाणी राखाडी, आणि पात्रात ट्रकएवढे धोंडे. जुलै २०२३ च्या पुरात या नदीने हायवे खाल्ला होता, त्याच्या खुणा अजून दिसतात, काही ठिकाणी रस्त्याची कडा सरळ चावा घेतल्यासारखी तुटलेली. पुढच्या सीटवरचे एक काका दर वळणाला "इथे हॉटेल होतं" असं सांगत होते, शेवटी त्यांच्या बायकोने त्यांना गप्प केलं.

राहायला आम्ही मॉल रोडवर न थांबता ओल्ड मनालीत एक होमस्टे घेतला होता आणि ट्रिपमधला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. मनालसू नाल्यावरचा पूल ओलांडला की आधी कॅफेंची रांग लागते, पास्ता, पिझ्झा, गिटार वगैरे. ते संपेपर्यंत चढत राहायचं. मग अचानक वास बदलतो, शेण आणि ओल्या लाकडाचा, आणि खरं गाव सुरू होतं. जुनी घरं काठकुणी पद्धतीची, म्हणजे दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळयांचा एक थर, परत दगड. वर दगडी पाट्यांचं छप्पर. खाली गाय, वर माणसं. आमची खोली मागच्या नवीन सिमेंटच्या भागात होती हेही सांगून टाकते, फोटोत मी जुनी बाजू दाखवलीये.

घर चालवणाऱ्या भाभीजी पंचेचाळिशीच्या, त्यांच्या सासूबाई म्हणजे अम्माजी सत्तरीच्या पुढच्या. आईचं हिंदी म्हणजे मराठीला "है" लावलेलं, अम्माजींचं हिंदी म्हणजे कुल्लवी अर्धं. दोघी पहिल्या दहा मिनिटांत एकमेकींना काय कळलं देव जाणे, पण चहा संपायच्या आत घरामागच्या सफरचंदांच्या बागेत उभ्या होत्या. फळं सुपारीएवढी झालेली. भाभीजी एकेका गुच्छातली दोन-तीन फळं खुडून खाली टाकत होत्या.

"विरळणी!" आई ओरडली. "आम्ही पण करतो! घडातले मणी काढतो."

झालं. पुढचे पाच दिवस आई सुट्टीवर नव्हतीच, अभ्यासदौऱ्यावर होती. सफरचंदाला हिवाळ्यात ठरावीक तास कडक थंडी लागते, ती कमी पडली की फुलोरा विस्कळीत येतो. थंडी कमी होत चालल्यामुळे खालच्या कुल्लू भागात लोक डाळिंब, प्लम आणि जापानी फळाकडे (म्हणजे पर्सिमॉन) वळलेत. रॉयल डिलिशिअस जातीच्या झाडांमधे गोल्डन जातीची झाडं लावावी लागतात, परागीकरणासाठी. फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. हे सगळं मला आईने रात्री गादीवर पडल्या पडल्या सांगितलं. मावशी तोवर घोरत होती.

१४ मे

जत्रेचा पहिला दिवस. गाडीने ढुंगरीला, म्हणजे हिडिंबेच्या देवळाकडे, जायचा विचारसुद्धा करू नका, मॉल रोडपासून देवळापर्यंत जेमतेम दोन किलोमीटर आहे आणि त्या दिवशी गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. ओल्ड मनालीतून तर पूल उतरून देवदारांच्या बनातून पायवाटच आहे, वीसेक मिनिटं लागतात, गुडघे कुरकुरत असतील तर अर्धा तास.

देऊळ बघितलेलं असतं सगळ्यांनी, निदान फोटोत. चार मजली छप्पर, खालची तीन लाकडी चौकोनी आणि सगळ्यात वरचं पितळी, गोल शंकूसारखं, उंची २४ मीटर. कुल्लूचा राजा बहादूर सिंह याने १५५३ साली बांधलं. आत मूर्तीपेक्षा महत्त्वाचा आहे एक भलामोठा खडक, त्याच्याखाली देवीची पावलं. दार इतकं बुटकं की मावशीला जवळजवळ बसूनच आत जावं लागलं. "वाढदिवसाला बोलावतात आणि डोकं फोडतात," ती पुटपुटली.

पण खरी मजा बाहेर होती. एका बाजूला रोजची टुरिस्ट मनाली, म्हणजे याकवर बसून फोटो, पांढरा अंगोरा ससा मांडीवर घेऊन फोटो, भाड्याचा हिमाचली ड्रेस घालून फोटो. आणि तिथून पन्नास पावलांवर गावची जत्रा, जिकडे आकाशपाळणा, जिलेबीची कढई, बांगड्या, प्लास्टिकची खेळणी, चाऊमीन आणि नातेवाईक. प्रचंड नातेवाईक. दर दोन पावलांवर कोणीतरी कोणाच्या तरी पाया पडतंय, गळ्यात पडतंय. लग्न होऊन गेलेल्या मुली जत्रेला माहेरी येतात, आमच्या भाभीजींच्या दोन नणंदा सकाळीच पोरांसकट हजर झाल्या होत्या. आपल्याकडे गावच्या यात्रेला येतात तसंच अगदी.

अकराच्या सुमाराला आवाज आला. आधी ढोल-नगारे, मग ते लांबलचक कर्णे, करनाल म्हणतात, आणि इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला नरसिंगा. वाजवणाऱ्यांना तिकडे बजंतरी म्हणतात. मावशी म्हणाली, "म्हणजे आपले वाजंत्री!" आणि तिला कोण आनंद झाला. आजूबाजूच्या गावांतले देवी-देवता आपापल्या रथातून हिडिंबेला भेटायला येतात. रथ म्हणतात पण चाकं नसतात, दोन लांब दांड्यांवरची पालखीच ती, लाल रेशीम, फुलं आणि चांदी-सोन्याचे चकाकणारे मुखवटे, त्यांना मोहरे म्हणतात. खांद्यावर घेतलेला रथ मधेच पुढे झुकतो, मागे जातो, गर्रकन वळतो. खांदेकरी म्हणतात आम्ही हलवत नाही, देव हलतो. दोन रथ समोरासमोर आले आणि एकमेकांकडे झुकले तेव्हा आईने आपोआप हात जोडले.

इथे एक सांगते. रथाच्या जवळ जाणार असाल तर चामड्याचा पट्टा, पाकीट, बूट काही नको, चालत नाही. आणि रथाला हात लावायला जाऊ नका. एका पोराने सेल्फीसाठी हात पुढे केला तर चार जणांनी एकदम त्याला मागे ओढलं.

गर्दीत एका म्हाताऱ्या बाईंना मावशीने तिच्या सासूचा किस्सा सांगितला, म्हणजे हिंदीत प्रयत्न केला. त्यांना आधी कळेचना की हिडिंबा ही शिवी कशी असू शकते. "वो तो दादी हैं हमारी," त्या म्हणाल्या. कुल्लूचं राजघराणं हिडिंबेला आजी मानतं, ती मनालीहून खाली उतरून पोचल्याशिवाय कुल्लूचा दसरा सुरू होत नाही. राजासुद्धा वाट बघतो. मावशी हे ऐकून जी ताठ झाली ती दिवसभर तशीच. मला तर वाटतं महाभारत आपल्याकडे भीमाच्या बाजूने सांगितलं जातं, तो वर्षभर राहिला, पोरगं झालं, निघून गेला. तिचं पुढे काय झालं हे आपण विचारलंच नाही कधी. इथल्या लोकांच्या गोष्टीत ती इथेच राहिली, तप केलं, देवी झाली, आणि जवळच एका झाडाखाली घटोत्कचाचंही ठाणं आहे, शिंगं लावलेलं. आई-मुलगा शेजारी शेजारी.

संध्याकाळी घरी आलो तर घरात पंधरा माणसं. मधे तंदूर पेटलेला. हा रोटीचा तंदूर नव्हे, पत्र्याची लाकडं जाळायची शेगडी, धुराचा पाइप थेट छपरातून बाहेर. सिड्डू वाफवून काढत होते. आंबवलेल्या गव्हाच्या पिठात अक्रोड-खसखशीचं सारण भरून मोठ्या करंजीसारखा आकार, वाफवायचं, आणि मग कापून वरून तूप. तूप म्हणजे अक्षरशः वाटी उपडी. आपण मोदकावर घालतो ते यांच्यापुढे चिंधी. बाहेर कॅफेत पण सिड्डू मिळतो, पण ताजा करायला अर्धा-पाऊण तास लागतो, पाच मिनिटांत आणून दिला तर समजून जा की तो सकाळचा आहे. सोबत लिंगडीची भाजी होती, जंगलातल्या नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब, लसूण घालून. दिसायला गोगलगायीसारखी, चव साधारण कोवळ्या शेवग्याच्या आसपास.

आणि मग तो प्रसंग. अम्माजींनी आईला प्रेमाने विचारलं, "लुगडी लोगे?"

आईला वाटलं मानपान आहे. पाहुण्यांना साडी-चोळी देतायत. ती एकदम संकोचून, "नाही नाही, लुगडी कशाला, एवढा खर्च, आम्ही काहीच आणलं नाही तुमच्यासाठी..." असं मराठीतच बोलायला लागली. तोवर पितळी ग्लासातून पांढरट काहीतरी तिच्या पुढ्यात आलं. लुगडी म्हणजे तांदळाची घरगुती बिअर! मी आणि मावशी हसून हसून आडव्या. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडे लुगडं म्हणजे काय, मग ते पंधरा जण आडवे. आयुष्यभर चतुर्थी करणाऱ्या माझ्या आईने, एवढा आग्रह झाल्यावर, एक घोट घेतला. "ताकासारखं आहे," ती म्हणाली. मग अजून एक घेतला. बाबांना सांगायचं नाही असं ठरलं होतं, ते आता हे वाचतीलच.

रात्री शेगडीभोवती बसून भाभीजींनी हिवाळ्याच्या गोष्टी सांगितल्या. मकर संक्रांतीपासून गोशाल आणि आसपासच्या काही गावांत बेचाळीस दिवस आवाज बंद असतो. टीव्ही नाही, गाणी नाहीत, शेतात काम नाही, देवळाची घंटासुद्धा बांधून ठेवतात. देव स्वर्गात सभेला गेलेत, त्यांना त्रास नको. "फिर गर्मी में हम शोर करते हैं," त्या म्हणाल्या. बाहेर लांबून अजून ढोल ऐकू येतच होता.

१५ मे

सकाळी लवकर वशिष्ठला. नदीच्या पलीकडे, तीन किलोमीटरवर, गरम गंधकाच्या पाण्याची कुंडं आहेत, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. सातच्या आत पोचा, नंतर गर्दी होते आणि पाणीही तितकंसं बघवत नाही. कपडे बदलायला आडोसा जेमतेम आहे, त्या मानसिक तयारीने जा. बाहेर गावच्या बायका त्याच गरम पाण्यावर कपडे आणि भांडी धूत बसल्या होत्या, गप्पा इतक्या रंगलेल्या की मावशीला तिथेच बसावंसं वाटत होतं. फुकटचं गरम पाणी चोवीस तास, गॅसचं बिल नाही, ती सारखी हेच म्हणत होती.

दुपारी परत जत्रेत, आज नाटी, म्हणजे इथला सगळ्यांनी मिळून करायचा नाच, बघायची होती. बायका पट्टू नेसून आल्या होत्या. पट्टू म्हणजे चौकड्यांची, कडेला भडक नक्षी असलेली लोकरीची मोठी चादर, अंगाभोवती गुंडाळून खांद्यांवर चांदीच्या पिनांनी अडकवायची, डोक्याला धाटू म्हणजे रुमाल. हातात हात गुंफून लांबच लांब अर्धगोल, आणि पावलं इतकी हळू की पहिली पाच मिनिटं वाटतं अजून सुरूच व्हायचंय. एक पाऊल पुढे, थोडं झुकायचं, मागे. ढीली नाटी म्हणतात हिला. आपल्याला लावणी-कोळीगीताची सवय, त्यामुळे आधी जरा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण दहा मिनिटांनी ती लय अंगात शिरते आणि मग नजर हटत नाही.

तीनच्या सुमाराला अंधारून आलं. मला वाटलं पाऊस. पहिला टप्पा जिलेबीवाल्याच्या पत्र्यावर वाजला आणि आईने माझा हात घट्ट धरला. "गारा," ती म्हणाली.

हरभऱ्याएवढ्या गारा होत्या, मग बोराएवढ्या. सगळे देवदारांखाली पळाले. टुरिस्ट खूश, पोरं गारा वेचून तोंडात घालतायत, व्हिडिओ काढतायत, कोणीतरी "स्नोफॉल, स्नोफॉल" ओरडत होतं. मीही फोन काढला होता. आणि माझ्या शेजारी त्या पट्टू नेसलेल्या बायका, आत्ता नाचत होत्या त्याच, एकही शब्द न बोलता आपापल्या बागांच्या दिशेला बघत उभ्या. मी फोन खिशात घातला. २०१४ च्या गारपिटीत आमची बाग झोपली होती, घरात तीन दिवस कोणी नीट बोललं नव्हतं, तो चेहरा मला माहितीये.

दहा-बारा मिनिटं. मग ऊन.

१६ मे

आजचा प्लॅन होता अटल टनेलमधून पलीकडे लाहौलला, सिस्सूला जायचा. ९ किलोमीटरचा बोगदा, इकडे हिरवंगार आणि पलीकडे निघालं की उघडे डोंगर, एवढा फरक. मावशी आणि मी अर्ध्या दिवसात जाऊन आलो, बघण्यासारखं आहेच, पण निघायचं असेल तर सहाला निघा, दहानंतर परतीच्या रांगेत दोन तास गेले. रोहतांग खिंडीत वरून जायचं असेल तर परमिट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि मंगळवारी बंद असतं.

आई आली नाही. ती सकाळी सहाला भाभीजींबरोबर बागेत गेली. अर्ध्या बागेवर गारा अडवायची जाळी होती, तिथली फळं वाचली. उरलेल्या अर्ध्यात फळांवर खळगे पडलेले, पानं फाटलेली. ही फळं मोठी होतात, पण डाग राहतो, मग बाजारात "दागी माल" म्हणून मातीमोल. आई म्हणाली, "बुरशीनाशक मारा आजच, जखमेतून रोग शिरतो," तर भाभीजींचे मिस्टर आधीच ड्रममध्ये औषध कालवत होते. आई त्यांना बादल्या भरून देत होती. सुट्टीवर आलेली बाई.

मला वाटलं होतं आज जत्रेला या घरातून कोणी जाणार नाही. आम्ही सिस्सूहून तीनला परत आलो तर अंगणात भाभीजी पट्टू नेसून तयार, नणंदा तयार, अम्माजी खुर्चीवर बसून हुकूम सोडतायत, आणि मधोमध माझी आई, पट्टू आणि धाटूमध्ये, दोन नणंदा तिच्या खांद्यावर चांदीच्या पिना लावतायत. आई जरा लाजलेली. "अगं, सोलापुरी चादर नेसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली, "पण ऊबदार आहे."

मी भाभीजींना बागेचं विचारलं. त्यांनी हात झटकला. "जाली वाला आधा तो है ना. और आज आखिरी दिन है मेले का."

आई नाटीत नाचली. भाभीजींचा हात एका हातात, कुणा अनोळखी बाईचा दुसऱ्या. पावलं चुकत होती, ती झिम्मा खेळल्यासारखी मधेच उडी मारायची आणि अख्खी रांग हसायची. मावशीही घुसली शेवटी, सगळ्यांत उंच, आणि बजंतऱ्यांच्यावर ऐकू जाईल अशा आवाजात काहीतरी ओरडत. त्या परवाच्या म्हाताऱ्या बाई मला कोपराने ढोसून मावशीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "हिडिंबा!" मावशीने ऐकलं. आणि हात वर करून स्वीकारलं.

१७ मे

परतीची बस संध्याकाळी होती म्हणून सकाळी लोकल बसने नग्गर. मनालीहून नदीच्या डाव्या तीरावरून वीसेक किलोमीटर, टॅक्सी करू नका, बस छान आहे, बागांच्या मधून जाते. नग्गरचा किल्ला काठकुणीचाच, १९०५ च्या कांगडा भूकंपात आजूबाजूचं पडलं आणि हा उभा राहिला, लाकडाच्या थरांमुळे हादरा जिरतो म्हणे. वर थोडं चढलं की रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांचं घर, ते १९२८ पासून १९४७ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले, हिमालय रंगवत. मावशीला चित्रांपेक्षा कळलं ते दुसरंच, की त्यांचा मुलगा स्वेतोस्लाव हा बॉम्बे टॉकीजच्या देविका राणीचा नवरा. मग ती तिथल्या फोटोंसमोरून हलायला तयार नाही. बस चुकता चुकता राहिली.

निघताना अम्माजींनी आईच्या पिशवीत अक्रोड कोंबले, दोन किलो तरी असतील. आईकडे द्यायला काहीच नव्हतं, ते तिला पूर्ण रस्ताभर खुपत राहिलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती निफाडच्या बाजारातून एक हिरवं नऊवारी घेऊन आली, लाल काठाचं. मी म्हटलं, अगं त्या नेसणार कशा? तर म्हणाली, "नेसतील नाहीतर पांघरतील. त्यांनी मला लुगडी पाजली, मी लुगडं पाठवतेय, हिशोब बरोबर."